स्फोटाच्या आधी काय होतं म्हणे!

रात्री पन्हाळ्याच्या बाजूला मित्राच्या शेतात दुर्बीण लावली. दवानं भिंग सारखं धुरकट होतंय, ते मऊ कापडानं टिपत टिपत भाच्याला देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा मोठा थवा, दाखवली. दिसतो नुसता पुसट डाग, पण तो प्रकाश निघालाय २५ लाख वर्षांपूर्वी. पोरगं ढिम्म. "मामा, महास्फोटाच्या आधी काय होतं?"

घ्या आता! महास्फोट म्हणजे 'बिग बँग', ज्यातनं विश्व सुरू झालं असं मानतात तो. विश्वाचं वय साधारण १३८० कोटी वर्षं, इथवर ठीक. १९६४-६५ साली पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या अँटेनात सगळ्या दिशांनी सारखीच खरखर यायची. कबुतरांची घाण साफ केली तरी थांबेना. ती निघाली विश्वाच्या बालपणातली उरलेली ऊब! पण त्याच्याही आधीचं काय सांगणार?

मग खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं सांगितलं. जन्म १९३८ चा, आपल्या कोल्हापुरातलाच. गुरू फ्रेड हॉईल यांच्यासोबत 'विश्वाला सुरुवातच नाही' ही बाजू लढवली. गंमत म्हणजे 'बिग बँग' हे नाव १९४९ साली रेडिओवर हॉईलनीच दिलेलं. पुरावे महास्फोटाकडं झुकले, तरी नारळीकर शंका काढतच राहिले. मला तर हा बाणा लई आवडतो.

"म्हणजे अजून पक्कं ठरलं न्हाई व्हय?"

न्हाई रं बाबा. तू ठरीव मोठा होऊन. आधी भाकरी खा, गार होतीय.