तुम्ही विचारलंत म्हणून: आईच्या वर्षदिनाला मी व्हिएन्नाची मिस्सा का लावते

"देवळात मिस्सा झाली, कबरीवर मेणबत्त्या लावल्या, घरी सगळे जेवले. मग आता ती परक्यांची मेलेल्यांची मिस्सा टीव्हीवर कशाला?"

हा प्रश्न एप्रिलमध्ये, आईच्या वर्षदिनाला, म्हणजे ती गेली त्या तारखेला, हमखास येतो. (मिस्सा म्हणजे आम्हा कॅथलिकांची देवळातली मुख्य उपासना.) नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, पुन्हा येतो. मावशी विचारते, शेजारणी विचारतात, एकदा फादरांनीही जाता जाता विचारलं. मुंबईत ज्यांच्याबरोबर मी क्वायरमध्ये गायचे ती मंडळी उलट्या बाजूने विचारतात. मोझार्टचं रेक्विएम, म्हणजे त्याने मृतांच्या मिस्सेसाठी रचलेलं संगीत, हवंय तर नुसतं ऐक, इतकी उत्तम रेकॉर्डिंग आहेत, या व्हिडिओत गाण्याच्या मधे पाद्री बोलत राहतात, ते कशाला सहन करतेस? दोन्हीकडच्यांना मी आजवर काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता एकदा नीट लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तिचाच संशय जास्त घेतला जातो. टीव्हीवरची मिस्सा ही मिस्सा नव्हे आणि रेकॉर्ड केलेली तर नव्हेच, हे मला ठाऊक आहे. वसईत वाढलेल्या मुलीला ते सांगायला लागत नाही. आईच्या नावाने देवळात मिस्सा मी दरवर्षी करून घेते, पहिल्या बाकावर बसते, कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घेते. ती टाळून मी ही बघते असं नाही. ती झाल्यावरही माझं काहीतरी उरतं, आणि ते उरलेलं घेऊन मी टीव्हीसमोर बसते.

मी लावते ते चित्रीकरण 5 डिसेंबर 1991चं आहे. मोझार्टला जाऊन त्या दिवशी 200 वर्षं झाली. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये त्याच्यासाठी मिस्सा झाली आणि तिच्यात त्याचं रेक्विएम गायलं गेलं. मैफल नव्हे, खरीखुरी मिस्सा. वेदीवर कार्डिनल, वाचनं, प्रार्थना, कम्युनियन, आणि ज्या जागी जे गायचं त्या जागी ते. व्हिएन्ना फिलहार्मोनिक आणि तिथल्या स्टेट ऑपेराचा गायनवृंद. संचालन जॉर्ज शोल्टीचं, तेव्हा ते 79 वर्षांचे होते. आल्टो, म्हणजे खालच्या पट्टीतला स्त्री-आवाज, चेचीलिया बार्तोलीचा, जेमतेम पंचविशीतली. सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीतला, आर्लीन ऑजेचा.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेज संपल्यावर, आल्टोची ओळ पाठ करायला म्हणून. तेव्हा मी कार्डिनल बोलायला लागले की पुढे ढकलायचे. संगीताला ती माणसं आडवी येतात असंच माझं मत होतं, आणि त्या वयातल्या मला आज कुणी विचारलं तर ती तेच ठासून सांगेल. ती चूक होती असंही मी म्हणत नाही. तिला गायचं होतं. मला दुसरंच काहीतरी हवंय.

आई गेली 2021च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. मीही पॉझिटिव्ह होते, घरातल्या मागच्या खोलीत. हॉस्पिटलातून देह घरी आणायचा नाही, देवळात न्यायचा नाही, थेट दफनभूमीत. गावातली चार पोरं पीपीई किट घालून पुढे झाली. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. भाऊ फाटकाबाहेर उभा होता. फादरांनी लांबूनच प्रार्थना म्हटल्या. आईला मी शेवटचं पाहिलं ते ॲम्ब्युलन्समध्ये चढताना, ऑक्सिजनची नळी सावरत.

मिस्सा दुसऱ्या दिवशी ठेवली. देवळं बंद, म्हणून ऑनलाइन. लिंक व्हॉट्सॲपवर आली. मी अंगात ताप घेऊन, उशीला मोबाइल टेकवून बसले. कॅमेरा कुणीतरी मागच्या बाजूला स्टँडवर लावून ठेवला होता, त्यामुळे अख्खी रिकामी बाकं दिसत होती आणि पार टोकाला बोटाएवढे फादर. वेदीसमोर टेबलावर आईचा फोटो होता, म्हणजे असावा, कारण त्याच्या काचेवर दिवा पडला होता आणि मला मिस्साभर एक पांढरा चौकोन दिसत राहिला. माइक फक्त फादरांना. एक सिस्टर कीबोर्डवर गात होत्या, त्यांचा आवाज कुठूनतरी लांबून यायचा, त्यावर पंख्याची घरघर. "प्रभू तुम्हांबरोबर असो" याला उत्तर देणारं देवळात कुणी नव्हतं. मी खोलीत एकटीने उत्तर दिलं, तर खोकला सुटला. बाजूला स्क्रीनवर हात जोडलेली चित्रं आणि फुलं वर वर सरकत होती, एकावर एक, थांबतच नव्हती.

प्रवचनात फादर आईबद्दल बोलू लागले. तिने कित्येक वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले, त्याबद्दल. तेवढ्यात नेट अडकलं. फादरांचा उजवा हात अर्धा वर उचललेला, तोंड अर्धवट उघडं, आणि मधोमध ते गोल फिरणारं चक्र. मी वायफाय बंद करून डेटा लावला. मग पुन्हा वायफाय. भाऊ बाहेरून ओरडला, "माझ्याकडे चालू आहे, मी आवाज मोठा करू का?" त्याने मोबाइल दाराच्या फटीपाशी धरला. तिथून काहीतरी पुटपुट ऐकू आली, शब्द कळेनात. माझ्या स्क्रीनवर चित्र हललं तेव्हा शेवटचा आशीर्वाद चालू होता. अर्पण गेलं, कम्युनियन गेलं, आईबद्दल काय बोलले ते गेलं.

नंतर मी तो व्हिडिओ मागितला. जागा भरते म्हणून जुने व्हिडिओ काढून टाकतात, असं उत्तर मिळालं. माझ्या आईची मिस्सा जागेसाठी काढून टाकली. मी भांडले नाही. त्या महिन्यात किती मिस्सा तशा झाल्या असतील, आणि ज्याने स्टँड लावला त्या पोराच्या घरातलंही कुणी गेलं असेल. पण राग गेलेला नाही, तो आहे, आणि तो नाही असं मी दाखवणार नाही.

आता व्हिएन्नाच्या मिस्सेत मला काय मिळतं ते सांगते. तिथे कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो. सुरुवातीलाच, इंट्रोइटमध्ये, म्हणजे प्रवेशगीतात, वृंद थांबतो आणि ऑजे एकटी गाते, "ते देचेत हिम्नुस", तुलाच स्तोत्र शोभतं. तिचं वय तेव्हा 52. जून 1993 मध्ये मेंदूतल्या ट्यूमरने ती गेली. तीच चाल रेक्विएमच्या शेवटी पुन्हा तिच्याच तोंडी येते, "लुक्स एतेर्ना"त, शाश्वत प्रकाशात, आणि या दोन जागांच्या मधे सगळी मिस्सा होते. वाचन होतं, शुभवर्तमान होतं, अर्पण होतं. नुसतं रेकॉर्डिंग ऐकलं तर या दोन जागांत तासाभराचंही अंतर पडत नाही. मिस्सेत माणूस मधे बसतो, उभा राहतो, गुडघे टेकतो, आणि मग तो आवाज परत येतो. क्वायरच्या मित्रांनो, पाद्री मधे बोलतात ते मी याचसाठी सहन करते. सहन म्हणायचंही कारण नाही. मला त्यातलं काहीही गाळायचं नाही, कारण माझं आधीच पुष्कळ गाळलं गेलं आहे.

दुसरं म्हणजे, त्या कॅथेड्रलमध्येही देह नव्हता. मोझार्टचं लग्न तिथेच झालं, 1782 मध्ये, आणि 1791च्या डिसेंबरात त्याच्या देहावर आशीर्वादही तिथेच झाला. मग शवगाडी सेंट मार्क्सच्या दफनभूमीकडे गेली. त्या काळच्या व्हिएन्नाच्या रिवाजाप्रमाणे तिच्यामागून तिथवर कुणी गेलं नाही. साधी कबर, वर दगड नाही. नेमकी जागा आज कुणालाच सांगता येत नाही. हे शाळकरी वयात वाचलं तेव्हा मला भयंकर वाटलं होतं. 2021 नंतर ते मला ओळखीचं वाटतं. आई सांगायची, लॅटिन मिस्सेच्या काळात देह नसेल तर देवळाच्या मधोमध काळ्या कापडाखाली रिकामी पेटी मांडायचे आणि तिच्यावर पवित्र पाणी शिंपडायचे. देहाशिवायच्या मरणाला त्या लोकांनी जागा करून ठेवली होती. आमच्या वाट्याला पांढरा चौकोन आला.

आणि तिसरं, ज्यावरून मावशीचं नि माझं वाजतं. "दिएस इरे". क्रोधाचा दिवस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या सुधारणा ठरवणाऱ्या सभेनंतर, 1969-70च्या सुमारास मिस्सा नव्याने बांधली गेली, तेव्हा ही पदावली मृतांच्या मिस्सेतून निघाली. आता आपल्या अंत्यविधीत पुनरुत्थान असतं, आशा असते, पित्याचं घर असतं. सगळं खरं आहे, मी ते मानते. पण त्या एप्रिलमध्ये मी घाबरले होते. आई एकटी त्या वॉर्डात काय बघत असेल याची भीती, तिला काय वाटलं असेल याची, देवाचीही. आणि मिस्सेत त्या भीतीला एक ओळही नव्हती. मोझार्टकडे ती आहे. वृंद एकदम अंगावर येतो, खाली तंतुवाद्यं धावत असतात, कुणी कुणाला धीर देत नाही. मग एकटा ट्रॉम्बोन, आणि बास, टेनर (पुरुषांचे खालचा नि वरचा आवाज), आल्टो, सोप्रानो असे एकेक उभे राहतात. पुढे "लाक्रिमोसा", अश्रूंचा दिवस, जे मोझार्टच्या हातचं तालाच्या आठ मापांनंतर तुटलं आणि पुढचं त्याच्या शिष्याने, झ्युसमायरने, पुरं केलं. मी तिथे दरवेळी रडते. रडण्यासाठीच लावते असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.

एक अवघड गोष्ट राहिली, आणि तीही मला विचारली गेली आहे. त्या मिस्सेच्या वेदीवर जे कार्डिनल आहेत ते हान्स हेर्मान ग्रोएर. 1995 मध्ये त्यांच्यावर विद्यार्थ्यांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले, त्याच वर्षी त्यांचं व्हिएन्नाचं आर्चबिशपपद गेलं, आणि 1998 मध्ये ऑस्ट्रियाच्या चार बिशपांनी जाहीर सांगितलं की आरोप मुळात खरे आहेत याची आपल्याला नैतिक खात्री आहे. 2003 मध्ये ते वारले, खटला कधी चालला नाही. हे मला कळलं तेव्हा मी काही काळ ते चित्रीकरण लावलंच नाही. मग पुन्हा लावलं. मिस्सा अर्पण करणाऱ्याच्या पापाने मिस्सा बिघडत नाही असं आपल्याला शिकवलंय, पण ते शिकवणं इथे पुढे करायला माझी जीभ वळत नाही. ज्यांचं बालपण त्या माणसाने नासवलं, त्यांच्यापैकी कुणी माझ्या खोलीत असता तर मी हे लावलं असतं का? नसतं. मग एकटी असताना का लावते? याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांचा चेहरा आला की मी मान वळवते, त्याने काही सुटत नाही हे कळूनही.

मावशी मागच्या वर्षी पहिल्यांदा सोबत बसली. "दिएस इरे" सुरू झालं आणि ती म्हणाली, "चाल चुकीची आहे." तिने जुनी, लहानपणची सपाट चाल म्हणून दाखवली, लॅटिन, न अडखळता, कडव्यामागून कडवं. मला वाटलं, आता हिला पटेल. तर ती म्हणाली, "काढून टाकलं ते बरं केलं. आमची आजी हे ऐकून रात्ररात्र झोपायची नाही. तिचं एक बाळ बाप्तिस्म्याआधी गेलं होतं, आणि असं बाळ स्वर्गात जात नाही असं तेव्हा मानायचे. तिला कुणी सांगितलंच नाही की घाबरू नको. तुला भीती हवीय, कारण तुला कुणी भीती घातलेली नाही."

मी म्हटलं, मला भीती घालून नकोय, आहे ती म्हणायची आहे. ती म्हणाली, दोन्ही एकच. मी म्हटलं, नाही. शेवटचा स्वर लागेपर्यंत आम्ही वाद घालत होतो. त्या स्वरात मेजर की मायनर हे ठरवणारा गंधार नाहीच, नुसता षड्ज-पंचम, हे मी तिला सांगायला गेले तर ती म्हणाली, ते राहू दे, आधी माझ्या बोलण्याचं उत्तर दे. ते अजून द्यायचं आहे. तिचं म्हणणं मला पटत नाही आणि खोडताही येत नाही. येत्या एप्रिलमध्ये ती पुन्हा येणार आहे, आजीच्या त्या बाळाच्या नावाने देवळात मिस्सा करून घेऊ का, हे विचारायला. घेऊ, असं मी आत्ताच सांगून ठेवलंय.