तुम्ही विचारलंत म्हणून : नोव्हेंबर १९५६च का?

इतिहासावर बोलायला कुठेही गेलं, की शेवटी कुणीतरी विचारतंच : गेल्या शतकाच्या मध्यातला एकच महिना शिकवायचा, तर कोणता घ्याल? बहुतेकांच्या मनात ऑगस्ट १९४५ असतो. मी नोव्हेंबर १९५६ म्हणतो, आणि चेहरे कोरे होतात.

त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन आक्रमणं शेजारीशेजारी चालली होती. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी जुलैत सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. त्यावर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी पॅरिसजवळच्या सेव्र इथे गुपचूप ठरवलं, की इस्रायलने सिनाईत घुसायचं आणि इतर दोघांनी 'भांडण सोडवायला' जायचं. ५ नोव्हेंबरला त्यांचे छत्रीधारी सैनिक पोर्ट सैदला उतरले. आदल्याच पहाटे सोव्हिएत रणगाडे हंगेरीच्या राजधानीवर, बुडापेस्टवर चालून आले होते, कारण तिथले पंतप्रधान इम्रे नॉज यांनी हंगेरी वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीतून, बाहेर पडत असल्याचं १ तारखेला जाहीर केलं होतं.

दोन्ही बाजूंना हे सोयीचंच झालं. लंडन-पॅरिसचे हात इजिप्तमध्ये बरबटलेले, मग मॉस्कोला जाब कोणत्या तोंडाने विचारणार? सुएझमध्ये मात्र अमेरिकेने ब्रिटनच्या दुखऱ्या नसेवर, घसरत्या पौंडावर बोट ठेवलं आणि ६ तारखेच्या मध्यरात्री तोफा थांबल्या. बुडापेस्टसाठी असं बोट कुणाकडेच नव्हतं. जवळजवळ दोन लाख माणसं देश सोडून गेली. नॉज युगोस्लाव्ह वकिलातीत लपले, अभयाचं आश्वासन मिळाल्यावर २२ तारखेला बाहेर आले आणि पकडले गेले. १९५८ मध्ये त्यांना फाशी झाली.

आपलं काय, हेही लोक विचारतात. सुएझवर नेहरू तत्काळ आणि खणखणीत बोलले. हंगेरीवर चाचरले. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत हंगेरीत देखरेखीखाली मुक्त निवडणुका घेण्याचा ठराव आला, तेव्हा भारताने सोव्हिएत गटाबरोबर विरोधात मत दिलं. अलिप्ततेची बाजू मी नेहमी घेतो, पण या मताची घेता येत नाही. जयप्रकाश नारायणांनी तेव्हाच जाहीर टीका केली होती.

(१ नोव्हेंबरलाच द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आलं. इथल्या माणसाला बुडापेस्टकडे बघायला फुरसत होती का, ही शंका रास्त आहे.)

२२ तारखेला, नॉज पकडले गेले त्याच दिवशी, मेलबर्नला ऑलिंपिक सुरू झालं. हंगेरीसाठी नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंडने बहिष्कार टाकला. सुएझसाठी इजिप्त, इराक आणि लेबननने. तिथेच १ डिसेंबरला मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले आणि भारत फुटबॉलच्या उपांत्य फेरीत गेला. महिना एका दिवसाने ओलांडला, पण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.