क्लच का बदलला, विचारलंत म्हणून

"मूळ क्लच कशाला काढलात? अस्सलपणा गेला की!" आमच्या मॉरिस मायनरचं बॉनेट उघडलं की कुणी ना कुणी हे विचारतंच. आजवर "घाटात त्रास व्हायचा" एवढं सांगून मी विषय संपवत आलो. ते खरं आहे, पण पुरतं नाही.

गाडी १९५८ची, अण्णांची. इंजिन ९४८ सीसी, ३७ हॉर्सपॉवर, क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा-सोडवणारा भाग, सव्वासहा इंची. आता तिच्यात नंतरच्या १०९८ सीसी मॉडेलचा सव्वासात इंची क्लच आहे. त्यासाठी त्याचंच फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते इंजिनाचं जड चाक, लागलं, आणि क्लचचं घर गिअरबॉक्सलाच जोडून ओतलेलं असल्यामुळे गिअरबॉक्सही बदलावा लागला. इंजिन जुनंच आहे. पूर्वी कुणी असं केलं असतं तर मीच त्याच्याशी भांडलो असतो. एक नटसुद्धा बदलू नये या मताचा होतो मी. ते मत चुकीचं होतं, असं आजही म्हणवत नाही.

२०१४चा मे महिना. वाईला लग्न होतं. गाडीत मी, अण्णा, बायको, मुलगी आणि सामान. खंबाटकी चढताना एका वळणावर इंजिनाचा आवाज चढला, पण गाडी पुढे जाईना. ॲक्सिलरेटर दाबावा तसा नुसता आवाज वाढायचा. जळका वास आत भरला. गाडी थांबली, हँडब्रेक पुरेना, आणि ती मागे सरकू लागली. मागे मालाने भरलेला ट्रक, त्याचा न थांबणारा हॉर्न. मी ब्रेकवर पाय रोवून बसलेलो, मला उतरता येत नव्हतं. एकोणऐंशी वर्षांचे अण्णा उतरले, कठड्याजवळचा दगड उचलून आणला आणि वाकून मागच्या चाकाला लावला. उठताना त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला. मग ते छातीवर हात ठेवून कठड्यावर बसले. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाले, "पाय क्लचच्या पेडलवर होता का रे?"

"नाही!" मी ओरडलोच त्यांच्यावर.

दोन दिवसांनी इंजिन उतरवलं. क्लचप्लेट तेलाने भिजलेली होती, म्हणून घसरत होती. या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला सील नाही, तेल परतवणारे आटे आहेत; तिथून थोडं तेल झिरपतंच. मोठ्या क्लचने ती गळती थांबत नाही, हे मलाही कळतं, कृपा करून पुन्हा सांगू नका. पण मी रिलीज बेअरिंगही पाहिलं, पेडल दाबलं की क्लच सोडवतं ते. त्यात छरे नसतात, ग्रॅफाइटची कडी असते, आणि पेडलवर पाय ठेवून चालवलं की ती भराभर झिजते. बसवून वर्षही झालं नव्हतं. पार लोखंडापर्यंत आली होती. मेकॅनिकने काही म्हणायच्या आत मी ती खिशात घातली.

मग नवी प्लेट घालून, पाय आवरून भागलं असतं का? कदाचित भागलंही असतं. पण घरच्यांना घेऊन तो घाट पुन्हा चढायची माझी छाती होत नव्हती. मोठ्या क्लचची पकड जास्त. तेलाचा थेंब आणि माझी चूक, दोन्ही तो थोडं जास्त सोसतो. काढलेलं सगळं ग्रीस लावून माळ्यावर ठेवलंय, कधीही परत बसवता येईल.

अण्णा त्यानंतर दोनदा त्याच घाटातून माझ्या शेजारी बसून आले. दोन्ही वेळा त्या वळणावर त्यांनी माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं. कडीचं मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.