सोबतीला

मी लहान असताना लोकमान्यनगरात आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. काका गेल्यावर वर्षभर रोज रात्री गल्लीतलं कुणी ना कुणी त्यांच्याकडे सोबतीला झोपायला जायचं. माझी पाळी असली की मी उशी आणि दप्तर घेऊन जायची. करायचं काहीच नसायचं. काकू रेडिओ ऐकत बसायच्या आणि मी पेंगायची. सकाळी कपभर दूध पिऊन घरी. इतक्या वर्षांनी या काकू आठवल्या त्या रोममध्ये, पहाटे साडेपाचला, एका सरकारी कचेरीच्या दाराशी कुडकुडत उभी असताना.

लेक नोकरीसाठी रोमला असते, म्हणून नोव्हेंबरात महिनाभर गेले होते. कोलोसियम, व्हॅटिकन, नाणी टाकायचं ते कारंजं, हे सगळं आठ दिवसांत उरकलं. त्याची वर्णनं शेकड्यांनी मिळतील. नवव्या दिवशी लेक म्हणाली, "आई, आज माझा वाढायचा वार आहे. येतेस?" मला वाटलं कुणाकडे कार्य आहे. मी चांगली साडी नेसले.

व्हेनेझिया चौकाजवळ जेजू नावाचं, जेझुइट या कॅथलिक साधूंच्या संघाचं जुनं चर्च आहे. त्याच्या कुशीतल्या अरुंद गल्लीचं नाव अस्ताल्ली. तिथे १९८१ पासून निर्वासितांसाठी अन्नछत्र चालतं. दार उघडायच्या आधीच भिंतीला लागून रांग उभी होती. बहुतेक तरुण मुलं. अफगाणी, सोमाली, सुदानी. आत पास्ता, पाव, एखादं फळ. वाढणारे म्हणजे कॉलेजातली मुलं आणि माझ्यासारखे पेन्शनर.

माझ्या हातात पावाची टोपली आली. मग काय, आपला पंगतीतला हात! "घ्या हो, अजून एक, लाजू नका," असं मराठीतच म्हणत मी एकाच्या ट्रेमध्ये तिसरा पाव ठेवला. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी हळूच माझं मनगट धरलं. सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. लेकीने त्यांचं बोलणं मला सांगितलं: "आग्रह करू नका, विचारा. त्याला नको म्हणू दे. घर सोडल्यापासून त्याला कुणी काही विचारलेलं नाही. बस म्हटलं की बसायचं, चल म्हटलं की चालायचं." आग्रह हा आपला एवढा मोठा गुण, आणि तो इथे आडवा आला. जरा लागलंच मला. पण पुढच्याला मी टोपली नुसती दाखवली. त्याने मान हलवून नको म्हटलं आणि केवढा हसला!

कुठल्या तुम्ही, असं बाईंनी विचारलं. इंदूर सांगितलं. एरवी परदेशात इंदूर म्हटलं की मुंबईपासून किती लांब ते समजावत बसावं लागतं. या बाई म्हणाल्या, "हो? सिस्टर रानी मारिया!" मी गप्प. नाव कानावरून गेलं होतं. २०१७ मध्ये इंदुरात त्यांच्या नावाने चर्चचा मोठा सोहळा झाला तेव्हा रस्त्यांवर फलक पाहिले होते. त्यापलीकडे शून्य. सराफ्यातल्या खाण्याच्या प्रत्येक गाड्याचा इतिहास मी सांगू शकते, हे त्यांना काय सांगणार.

काम आटोपल्यावर त्यांनी मला जेजूमध्ये नेलं. सेंट झेवियरचा उजवा हात तिथे ठेवलेला आहे, बाकीचा देह आपल्या जुन्या गोव्यात. पण त्यांना दाखवायची होती ती पेद्रो अरूपे यांची कबर. अरूपे मूळचे स्पेनमधल्या बिल्बाओचे. डॉक्टरकी शिकता शिकता जेझुइट झाले. १९४५ मध्ये हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा ते शहराच्या कडेला होते, आणि त्यांनी आपल्या मठाचंच इस्पितळ केलं. पुढे ते जेझुइट संघाचे प्रमुख झाले. व्हिएतनाममधून होड्यांत बसून पळणारी माणसं पाहून १४ नोव्हेंबर १९८० रोजी त्यांनी निर्वासितांसाठी सेवासंस्था काढली. तिच्या कामाचं वर्णन तीन शब्दांत करतात, आणि त्यातला पहिला शब्द 'सेवा' नाही, 'सोबत' आहे. सेवा दुसरी, आणि त्यांच्या बाजूने बोलणं तिसरं. पुढच्याच ऑगस्टमध्ये, बँकॉकला निर्वासितांच्या कार्यकर्त्यांना भेटून परतताना, रोमच्या विमानतळावर अरूपेंना पक्षाघात झाला. बोलणं जवळजवळ गेलं. १९९१ मध्ये वारले तोवर, म्हणजे साडेनऊ वर्षं, ते स्वतःच दुसऱ्याच्या सोबतीवर होते.

तर ती पहाट. बाई एका सुदानी मुलाबरोबर, त्याच्या इटलीत राहण्याच्या परवान्यासाठी, कचेरीत जाणार होत्या. मीही येते म्हटलं. त्या मुलाकडे एक प्लास्टिकचं फोल्डर होतं, कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या. आपण रेशनकार्ड आणि वीजबिलं ठेवतो तसलंच. रांगेत तो दर दहा मिनिटांनी ते उघडायचा, कागद मोजायचा आणि बंद करायचा. बाई त्याला काही समजावत नव्हत्या, धीर देत नव्हत्या. थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून द्यायच्या, बस्स.

साडेदहाला नंबर लागला. मी काचेपलीकडून बघत होते. खिडकीतला माणूस मुलाशी न बोलता बाईंशीच बोलायला लागला. त्या अर्धं पाऊल मागे सरकल्या आणि तळहात मुलाकडे केला. परत तेच झालं, त्या परत सरकल्या. तिसऱ्यांदा त्या माणसाने मुलाकडे बघितलं. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये मुलगा आपला आपण बोलला. काम त्या दिवशी झालं नाही. एक कागद कमी होता. येताना बसमध्ये बाईंनी पर्समधलं संत्रं काढलं, तिघांत वाटलं आणि पुढची तारीख डायरीत लिहिली.

इंदूरला परतले तरी ते "सिस्टर रानी मारिया!" डोक्यातून जाईना. जानेवारीत शेजारच्या भाऊकाकांना घेऊन, त्यांची समाधी आहे त्या उदयनगरला गेले. घाट, सागाची झाडं, मधूनमधून आदिवासी पाडे. सिस्टर म्हणजे कॅथलिक जोगीण, मूळच्या केरळच्या. इथल्या भूमिहीनांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी गावोगाव फिरायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, नाचनबोरच्या डोंगराजवळ, त्यांना भोसकून मारलं. मारणाऱ्याला त्यांच्या घरच्यांनी माफ केलं. सख्ख्या धाकट्या बहिणीने त्याला राखी बांधली. हे बहुतेक ठिकाणी सांगतात. मला मात्र ती बस सुटेना. भरलेली बस होती, आणि जागचं कुणी उठलं नाही. मी बँकेत असताना नेमक्या असल्याच बसनं देवासला जायची, खिडकीकडे तोंड करून.

चर्चमध्ये समाधीपाशी आम्ही दोघंच होतो. भाऊकाका चपला काढून, काय करावं ते न कळून, नुसते हात जोडून उभे. मी फोटो काढून रोमला पाठवला. तासाभराने बाईंचं उत्तर आलं: "एकट्याच गेलात?"

नाही, भाऊकाका आहेत सोबतीला, असं लिहिलं. पोहे-जिलबी मिळेल या आशेवर ते सकाळी साडेसहाला तयार होऊन बसले होते, हे मात्र लिहिलं नाही.