बर्फ, पुठ्ठा आणि एकवीस दिवस

आमच्या कारखान्याच्या सुरक्षा समितीने केलेल्या शिफारशीचं लेखी उत्तर म्हणून परवा मॅनेजरने माझ्या हातात एक कागद ठेवला. सही, तारीख, सगळं व्यवस्थित. घरी येऊन कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, तर एकोणिसावा दिवस. कायद्याने त्याला एकवीस दिवस मिळतात, म्हणजे दोन हातात राखून दिला. कागदात होतं काय? तर तीन नंबरच्या डॉकच्या, म्हणजे ट्रेलरमधून माल चढवायच्या-उतरवायच्या जागेच्या, दाराचं सील बदलण्यासाठी कोटेशन मागवलं आहे आणि महिनाअखेरपर्यंत काम होईल. त्या फाटक्या सीलमधून ठिबकून जमिनीवर गोठलेला बर्फ जिथल्या तिथे.

माझी चिडचिड कळायला थोडं मागे जावं लागेल. मी कॅनडात, ब्रॅम्प्टनमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. माणसं त्रेचाळीस. ओंटारिओत वीस किंवा जास्त कामगार असले की मालकाला सुरक्षा समिती नेमावीच लागते. सहा ते एकोणीस असतील तर एक प्रतिनिधी पुरतो. आमच्याकडे समिती होती म्हणे. गेल्या मे महिन्यात सरकारी इन्स्पेक्टर आला, नोटीस बोर्डावरची समितीची नावं त्याने एकेक करून विचारली, आणि कळलं की चारांपैकी एक निवृत्त होऊन जमैकाला गेलाय, दोघं नोकरी सोडून गेलीत आणि चौथा आमचा मालकच. इन्स्पेक्टरने तिथेच बसून ऑर्डर लिहिली. कॉफी विचारली तर नको म्हणाला. आधी मी पुण्याला भोसरीच्या कारखान्यात होतो; तिथे इन्स्पेक्टर येणार म्हटलं की आम्ही आदल्या रात्री पिवळे पट्टे रंगवायचो, स्टोअरमधून नवे हातमोजे काढायचो आणि संध्याकाळी ते मोजून परत जमा करून घ्यायचो. इथे तो न सांगताच आला, त्यामुळे तशी काही संधीच मिळाली नाही.

मग निवडणूक. निवडणूक म्हणजे जेवणाच्या सुट्टीत सगळे एकमेकांकडे बघत बसले. नियम असा की समितीत निम्मी तरी माणसं कामगारांची हवीत, त्यांच्या हाताखाली कुणी नसावं, आणि ती कामगारांनीच निवडायची, मालकाने नव्हे. फोल्डर-ग्लूअरवरचे, म्हणजे खोकी दुमडून चिकटवणाऱ्या मशीनवरचे, चाचाजी मला म्हणाले, "वीरे, तू लिख लैंदा एं, तू बैठ." झालं. पुण्यात माझ्या हाताखाली बावीस माणसं होती. पंधरा वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो. सातासमुद्रापार येऊन कामगार प्रतिनिधी झालो! बायको म्हणाली, "चला, आयुष्यात एकदा तरी युनियनवाला झालास." आमच्याकडे युनियन नाही, पण तिला तेवढं पुरलं.

आमच्या बाजूची सहअध्यक्ष एक फिलिपिनो बाई आहे. तिला सगळे 'आते' म्हणतात. त्यांच्यात आते म्हणजे थोरली बहीण, पण मला पहिल्या दिवसापासून आत्याच ऐकू येतं, आणि स्वभावानेही ती आत्याच आहे. दोन सहअध्यक्ष असतात, एक कामगारांचा, एक व्यवस्थापनाचा, आणि आळीपाळीने बैठक चालवतात. बैठक दर तीन महिन्यांनी तरी व्हायलाच हवी. बैठकीचा वेळ पगारी, आणि वर तयारीचा एक तासही पगारी. पहिल्या वेळी तो तास मी टिम हॉर्टन्सची डबल-डबल कॉफी घेऊन लंचरूममध्ये बसून काढला आणि मनात म्हटलं, गोऱ्यांना पैसा फार झालाय.

याखेरीज महिन्यातून एकदा समितीतला एक कामगार सगळा कारखाना फिरून बघतो. ते काम माझ्याकडे आलं. क्लिपबोर्ड घेऊन फिरायचं, दिसेल ते लिहायचं. जानेवारीत मी लिहिलं: डॉक नंबर तीन, दाराच्या वरच्या कोपऱ्यातलं सील फाटलंय, ट्रेलरच्या छपरावरचा बर्फ वितळून आत ठिबकतो आणि रात्री जमिनीवर गोठतो. ताटाएवढा काचेसारखा थर. पॅलेट जॅक, म्हणजे मालाची हातगाडी, ओढणारा माणूस उलट चालत येतो, त्याला तो दिसतच नाही. पुढच्या रकान्यात उपाय लिहायचा होता. मी लिहिलं, 'पुठ्ठा टाकला'. आमच्याकडे पुठ्ठ्याला काय तोटा!

आतेने फॉर्म परत दिला.

"पुठ्ठा ओला झाला की?"
"बदलायचा."
"कोण बदलणार? रात्रपाळीला कोण?"

मी म्हटलं, जो असेल तो. तिने दोन रकान्यांवर पेन आपटलं: कोण, कधीपर्यंत. दुसऱ्यांदा मी मीठ टाकायचं लिहिलं, तेही परत आलं. ती म्हणाली, मीठ-पुठ्ठा हे आजच्यापुरतं, ते करच, पण उपायाच्या रकान्यात ते चालणार नाही, पाणी कुठून येतं ते लिही. तिसऱ्यांदा सीलबद्दल लिहिलं तेव्हा ते बैठकीत गेलं, तिथे शिफारस झाली, आणि एकवीस दिवसांचं घड्याळ सुरू झालं. शिफारस लेखी दिली की मालकाला लेखी उत्तर द्यावं लागतं. मान्य असेल तर कधी करणार, नसेल तर का नाही.

आता मला सांगा. भोसरीत मी हे वीस मिनिटांत केलं असतं. आमचा फिटर शिडी लावून वर चढला असता, जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा दोन स्क्रूंनी ठोकला असता, विषय संपला. फार तर शिडी कुणी धरली होती का, हे विचारू नका. आमच्या माणसांच्या हातात जे आहे ते यांच्या सात पिढ्यांत यायचं नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. इथे एका ताटाएवढ्या बर्फासाठी तीन फॉर्म, एक बैठक, एक पत्र आणि एकोणीस दिवस. तेवढ्यात थंडीच संपेल!

हे मी आतेला बोलून दाखवलं. ती म्हणाली, मग पुढच्या थंडीत परत हाच फॉर्म भरशील. बोलणंच खुंटलं.

आणि एक गोष्ट, ही मंडळी कायदा कायदा करतात म्हणून सांगतो, आमच्याकडे कायदा नाही असं नाही. भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली, त्यातल्या ४१-जी कलमात धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांसाठी सुरक्षा समिती होतीच, आणि तीत कामगार व व्यवस्थापन समसमान. इथे 'निम्मे तरी', तिथे 'समसमान'. आकड्यांत मात्र आपण हरतो. आपल्या नव्या कामगार संहितेत समितीसाठी साधारण ५०० माणसं लागतात, इथे २०. यांचाही कायदा कुणी प्रेमाने दिलेला नाही. १९७४ साली ओंटारिओतल्या एलियट लेकच्या युरेनियम खाणीतले कामगार संपावर गेले, कारण फुफ्फुसाच्या कॅन्सरने आणि दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसने माणसं मरत होती. मग जेम्स हॅम यांचा आयोग बसला, १९७६ ला अहवाल आला, १९७९ पासून कायदा लागू. धोका माहीत असण्याचा, सुरक्षेच्या कामात भाग घेण्याचा आणि धोक्याचं काम नाकारण्याचा, असे तीन हक्क तेव्हापासून.

हे सगळं मला तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये कळलं. समितीत दोन्ही बाजूंचा किमान एकेक सभासद प्रमाणित लागतो. मी झालो. मिसिसॉगाला एका हॉलमध्ये ट्रेनिंग होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिकवणाऱ्याने पडद्यावर एक फोटो टाकला. पॉवर प्रेस, पत्रा दाबून आकार देणारं मशीन. दोन हिरवी बटणं, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, म्हणजे दोन्ही हात डायच्या, साच्याच्या, बाहेरच राहतात. फोटोतल्या डाव्या बटणात नाणं खुपसून वर टेप मारली होती. तो म्हणाला, ओळखा चूक काय.

मी हात वर केला नाही. आमच्याकडे नाणं नसायचं, काड्यापेटीच्या काड्या असायच्या. एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्याने जॉब काढायचा, तासाला शंभर-सव्वाशे नग जास्त निघायचे. काडी मी लावली नव्हती. लावलेली मला दिसत होती. गिऱ्हाईकाची गाडी संध्याकाळी सहाला यायची, ती रिकामी गेली तर दंड कुणाच्या नावावर पडायचा ते मला माहीत होतं. उदगीरकडचा एक कॉन्ट्रॅक्टचा पोरगा होता, वय असेल एकवीस. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली. मीच त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागे हेल्परला धरायला लावून ई.एस.आय.ला, कामगार विम्याच्या दवाखान्यात, नेलं. त्याचं ई.एस.आय.चं कार्ड त्याच दिवशी संध्याकाळी निघालं. यापलीकडे मी काही सांगत नाही, ज्यांनी एम.आय.डी.सी.त काम केलंय त्यांना पुरे आहे.

आमच्या त्या कारखान्यातही समिती होती बरं का. मोठ्या गिऱ्हाईकाचं ऑडिट असायचं म्हणून. रजिस्टर होतं, सह्या होत्या, सामोसे यायचे. ४ मार्चला सुरक्षा दिन, छातीवर बिल्ला, शपथ. घोषवाक्य स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता: 'घाई करते घात, जपा दोन्ही हात'. बक्षीस स्टीलचा डबा. अपघात त्याच वर्षी, पावसाळ्यात.

ट्रेनिंगमध्ये पुढचा विषय 'गंभीर इजा' कशाला म्हणायचं, हा होता. अशी इजा झाली की जागा जशीच्या तशी ठेवायची, इथल्या कामगार मंत्रालयाला ताबडतोब कळवायचं, समितीतला कामगार चौकशी करणार. यादीत हात किंवा पाय तुटणं आहे. आणि पुढे शब्द आहेत: बोट नव्हे. मी ते दोनदा वाचलं. एकापेक्षा जास्त बोटं गेली तर मंत्रालय ती गंभीर धरतं, एक गेलं तर यादीत नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, एवढे पुढारलेले लोक, त्यांच्याही वहीत एका बोटाची गंभीर म्हणून नोंद नाही. चहाच्या सुट्टीत शिकवणाऱ्याला मी हे जरा चढ्या आवाजातच विचारलं. तो म्हणाला, डॉक्टरकडे न्यावं लागलं ना, मग चार दिवसांत समितीला लेखी कळवावं लागतंच. म्हणजे कागद सुटत नाही. माझं बरं वाटणं एका मफिनएवढं टिकलं.

फेब्रुवारीच्या फेरीत पुठ्ठा कापणाऱ्या डाय-कटरच्या गार्डवर, म्हणजे झाकणावर, मला एक चुंबक दिसलं. गोल, फ्रिजवर लावतात तसलं, पण जाड. गार्ड उघडलं की मशीन थांबावं म्हणून एक स्विच असतो, त्याला चुंबक चिकटवलं की मशीनला गार्ड बंदच आहे असं वाटतं. पुठ्ठा अडकला की मशीन न थांबवता हात घालून ओढता येतो. तिथे कामगार पुरवणाऱ्या एजन्सीतून आलेला एक मुलगा असतो, जळगावचा, दिवसा कॉलेज, आमच्याकडे दुपारपाळी. मी मराठी आहे कळल्यापासून काका म्हणतो.

"काका, लिहू नका ना. मी काढतो आत्ता."
"तू लावलंस?"
"आधीपासूनच होतं. सगळे तसंच करतात. दर वेळी थांबवलं तर नगांचा काउंट होत नाही, मग एजन्सी पुढच्या आठवड्यात बोलवत नाही."

मी सुपरवायझरला हाक मारली, मशीन थांबलं. सुपरवायझरने घड्याळ बघितलं. ते बघणं मी लगेच ओळखलं. फॉर्मवर कुणाचं नाव लिहायची जागा नाही, फक्त काय दिसलं ते. मी लिहिलं. उपायाच्या रकान्यात 'चुंबक काढलं' असं लिहून टाकलं होतं, ते खोडून लिहिलं की पुठ्ठा वारंवार का अडकतो आणि काउंट कोण ठरवतं ते बैठकीत बघावं. आतेने वाचलं. या वेळी फॉर्म परत आला नाही.

बैठक गुरुवारी दोन वाजता आहे. विषयपत्रिकेवर चुंबक दोन नंबरला आहे. एक नंबरला अजून बर्फच.