तुम्ही विचारलंत म्हणून: भट्टीच्या घरात वाईन कशासाठी?

"घरात आजोबांपासून चालत आलेली फेणीची भट्टी असताना ती बंद करून तुम्ही काजूच्या बोंडांची वाईन का काढता?" हा प्रश्न मला गोव्यातल्या पेडण्यातले नातेवाईक विचारतात, सावंतवाडीच्या बाजारात भेटणारे बागायतदार विचारतात आणि बाटलीवरचे लेबल वाचून मुंबईचे पाहुणेही विचारतात. विचारण्याच्या सुरात बहुधा असे असते की मी घरातली देवघराची जागा विकून तिथे दुकान काढले आहे. म्हणून एकदा सविस्तर उत्तर देतो.

आजवर मी कायद्याचे कारण सांगत आलो. फेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला तो गोव्याच्या नावे. त्यामुळे तेरेखोल नदीच्या अलीकडे, महाराष्ट्रातल्या माझ्या आजोळच्या बागेत, त्याच जातीच्या बोंडांपासून काहीही गाळले तरी त्याला फेणी म्हणता येत नाही. हे खरे आहे. परंतु आमची भट्टी नदीच्या पलीकडे, गोव्यात होती, परवान्याची होती आणि ती तिथेच चालवायला मला कोणी अडवले नव्हते. कायद्याकडे बोट दाखवणे सोपे होते, कारण त्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे.

खरे कारण रसात आहे. बोंडाचा रस गोड असतो तितकाच तुरट असतो आणि तो तुरटपणा घशाला ओरखडे काढतो. भट्टीत त्याची चिंता नसते, कारण आंबलेला रस तापला की मद्य आणि वास वाफेबरोबर वर जातात व तुरटपणा भाणाच्या, म्हणजे गाळायच्या हंड्याच्या, तळाशी उरतो. वाईनला ही सवलत नाही. रसात जे आहे ते पेल्यापर्यंत येते. म्हणून रस काढल्याबरोबर त्यात तांदळाची पेज घालून तुरटपणा खाली बसवावा लागतो, वरचा निवळ रस अलगद काढून घ्यावा लागतो, आणि मुळात दहा-बारा टक्के असलेली साखर जवळजवळ दुप्पट करावी लागते, तेव्हा कुठे बारा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क येतो. हे सगळे एप्रिलच्या उकाड्यात, जेव्हा उघडा राहिलेला रस दिवसभरात बिघडतो आणि यीस्टला मात्र वीस अंशांच्या आसपासचा गारवा हवा असतो. बागेत काजूच्या दोन जाती सरमिसळ आहेत: वेंगुर्ला-4 चे लाल बोंड आणि वेंगुर्ला-7 चे पिवळे. दोन्हींचे रस मी वेगळे आंबवतो, कारण मिसळले की कोणाची चव काय होती ते कळत नाही.

आजोबा झाडावरचे बोंड कधीही तोडू देत नसत. पिकून आपोआप खाली पडलेले, त्याच सकाळी उचललेले आणि बी पिळून वेगळी केलेले बोंडच रस काढायला मळणीला जाई. आंबत्या रसाच्या मडक्याला ते कान लावत आणि आतली बुडबुड थांबत आली की नाही ते ऐकून रस भाणात कधी चढवायचा ते ठरवत. माझ्या समजुतीप्रमाणे आमच्या घराची विद्या तिथे होती, आगीच्या आधीच्या त्या दिवसांत, आणि मी ती टाकलेली नाही. हे मी वडिलांना कधी पटवून देऊ शकलो नाही.

भाण विकले तो दिवस मला सांगायचा आहे. घेणारा गोव्यातल्या सत्तरी तालुक्याकडचा भट्टीवाला होता, टेम्पो घेऊन आला होता. तांब्याचे भाण चुलीत मातीने लिंपून पक्के बसवलेले होते. त्याच्या माणसांनी पहार काढली तेव्हा वडिलांनी त्यांना थांबवले आणि कोयत्याच्या मागच्या बाजूने माती स्वतः खरवडून काढू लागले, काठाला पोचा पडू नये म्हणून. भाणाच्या तोंडावर वारुळाच्या मातीचा जुना थर होता. दर हंगामात वाफ कोंडण्यासाठी लावलेली ती माती थरावर थर चढून दगडासारखी झाली होती. भाण बाहेर आल्यावर त्यांनी आमसुले भिजवून घेतली आणि ते आतून-बाहेरून घासायला बसले. घेणारा म्हणाला, "काका, राहू द्या, मी नेऊन पहिल्यांदा धूरच देणार आहे." वडील घासत राहिले. तांबे लाल दिसू लागले तेव्हा मान वर न करता त्यांनी मला विचारले, "तुका करूचा नाय, तर माका ह्या ठेवन काय करूचा?"

मी तेव्हा स्टीलच्या टाकीचे, तापमानाचे आणि परवान्याचे बोलू लागलो. त्यांनी ते ऐकून घेतले. मग लावणीचे, म्हणजे गाळलेले मद्य ज्यात जमते ते, मडके, फेस पाहून कस जोखायची करवंटीची पळी, चुलीवरची लोखंडी पट्टी, सगळे मागितल्याशिवाय त्या माणसाच्या हवाली केले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

त्यांचे म्हणणे एवढेच होते की आगीतून न गेलेले काम अर्धे असते. आंबवणे कोणीही करील, गाळताना नेमका कुठला भाग ठेवायचा आणि कुठला टाकायचा हे ज्याला कळते तो भट्टीवाला. त्यावर मी वडिलांना दिलेले उत्तर, की वाईनमध्ये टाकायला जागाच नसते म्हणून ती अधिक कठीण, मला आजही बरोबर वाटते. पण त्यांचे म्हणणे चूक होते असे मला अजून सिद्ध करता आलेले नाही, आणि एखाद्या वर्षी टाकी बिघडली, रसाला व्हिनेगरचा वास धरू लागला की भाण असते तर निदान हे गाळून पाहिले असते, असा विचार माझ्याही मनात येतो.

तेव्हा परंपरा मोडली का, असे विचाराल तर मी नाही म्हणतो. वडिलांना विचारलेत तर ते हो म्हणतील. त्यांनी माझी वाईन चाखलेली नाही. हंगामात मात्र ते बागेत येतात आणि कामगारांनी झाडावरचे बोंड तोडलेले दिसले की त्यांना बोलतात.