तुम्ही विचारलंत म्हणून : भर पावसात टेकडीवर कशाला?

"वहिनी, एवढ्या पावसात कुठे निघालात?" जिन्यात, लिफ्टमध्ये, फाटकापाशी हा प्रश्न मी गेली 14 वर्षं ऐकतेय. आधी त्यात नुसतं कुतूहल असायचं. दोन वर्षांपासून त्याला शेपूट लागलंय, "ह्यांचं एवढं होऊनसुद्धा?" बहुतेक जण हे तोंडाने म्हणत नाहीत, पण मला ऐकू येतं. परवा जाऊबाईंनी पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, "अजून जातेस तू?" मी पोळ्या वाढत होते. "जाते," म्हटलं आणि पुढच्या पानाकडे वळले. रात्री झोप लागली नाही. म्हणून आता एकदा सगळं लिहून टाकते.

टेकडी म्हणजे आमची वेताळ टेकडी. कोथरूडच्या बाजूने चढायचं, खाणीपर्यंत जायचं, वेताळाच्या देवळावरून वळून उतरायचं. दीड तास लागतो. समुद्रसपाटीपासून 800 मीटर म्हणजे काही फार उंच नाही, निम्म्याहून जास्त उंची तर पुण्याचीच आहे. पण तिथे वर उभं राहिलं की वारा चारी बाजूंनी लागतो. 25 वर्षं बँकेत काउंटरच्या मागे बसून काढली. सकाळी अंधाऱ्या जिन्यातून उतरायचं, दिवेलागणीला परत यायचं. पाऊस पडला हे मला गिऱ्हाइकांच्या ओल्या छत्र्यांवरून कळायचं. तेव्हाचं आठवलं की आजही छातीत भरून येतं.

तुम्ही म्हणता, जा ना, पण हवा चांगली असेल तेव्हा जा. इथेच आपलं जमत नाही. मे महिन्यात टेकडी अगदी उघडी पडते. सालईला पान नसतं, गवत जळून भुरकं झालेलं असतं, मुरूम सकाळी आठलाच तापतो. त्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चात, गणेरीच्या निष्पर्ण फांद्यांवर मोठी पिवळी फुलं येतात. मग पावश्या ओरडायला लागतो आणि एका पहाटे झुडपातून नवरंगाची ती दोन सुरांची शीळ येते. मृगाच्या सरी झाल्या की लाल मखमली किडे वाटेवर येतात. लहानपणी आम्ही ते काडेपेटीत ठेवायचो. पंधरा दिवसांत सगळं हिरवं. लोक तेव्हा येतात, फोटो काढतात, जातात. ती हिरवळ कशातून आली ते त्यांनी पाहिलेलंच नसतं. मला ते तापलेले दगडही पाहायचे असतात आणि पौषातली कुसळंही, जी मोज्यांतून निघता निघत नाहीत. ऊन नको, पाऊस नको, थंडी नको असं म्हणत गेले तर हातात उरतील ते वर्षातले चाळीस दिवस. मला उरलेलेही हवे आहेत.

आणि मी बेफिकीर नाही, हेही सांगून ठेवते. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर मी वर पाऊल टाकत नाही. विजेशी मस्ती करायची नसते, उघड्या माथ्यावर तर नाहीच. टेकडीच्या पलीकडे पाषाणला हवामानाची संस्था आहे, तिथल्या लोकांनी बनवलेलं दामिनी ॲप माझ्या फोनमध्ये आहे. आसपास वीज पडत असल्याचं दिसलं की मी घराबाहेर पडत नाही. काठी नेते, चपला घालून जात नाही, निघताना घरी सांगून जाते.

हे सगळं खरं आहे. आणि ह्यातलं काहीही त्या दिवशी उपयोगी पडलं नाही, हेही खरं आहे.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. तरणा पाऊस लागला होता, आठ दिवस सूर्य नाही. ह्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, साखर वाढली होती, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. ह्यांना सपाट रस्ता आवडतो, कोरडा. नदीकाठी, बागेत, हातात पेपर घेऊन. मी महिनाभर मागे लागले होते, एकदा पावसात वर चला, मग बोला. त्या सकाळी हे खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "आज राहू दे. फार आहे." आणि मी म्हटलं, "विरघळायला आपण काय साखरेचे आहोत?"

हे वाक्य माझं नेहमीचं. मैत्रिणींना म्हणायची, मुलीला म्हणायची, फार आवडायचं मला ते.

वर जाताना हे खूश होते, हे मी माझ्या सोयीसाठी सांगत नाही. खाण अर्धी भरली होती, पाण्यावर सरींचे पट्टे धावत होते. हे तिथे पाच मिनिटं न बोलता उभे राहिले आणि मला वाटलं, जिंकले. परतताना हे म्हणाले, "डांबरी रस्त्याने उतरू." मी म्हटलं, "तो लांब पडतो, इकडून वीस मिनिटांत खाली." दुधाला उशीर होत होता, एवढंच कारण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या पावसात कातळ तितका घसरत नाही. आठ-दहा दिवस सलग ओल राहिली की त्यावर शेवाळं धरतं, आणि ओल्या काळ्या दगडावर ते वेगळं दिसत नाही. मला हे माहीत होतं. बारा वर्षं मी तो कातळ टाळून कडेच्या गवतातून उतरत होते. ह्यांना सांगायचं राहिलं. मी पुढे होते आणि बोलत होते, काय बोलत होते तेही आठवतं, गच्चीच्या गळतीबद्दल. मागे आवाज झाला. ओरडण्याचा नाही, नुसता बुटाचा. वळून पाहिलं तर हे बसलेले, आणि उजवं पाऊल जिकडे असायला हवं तिकडे नव्हतं.

पाऊस थांबला नाही. मी माझा रेनकोट ह्यांच्या खांद्यावर टाकला. बुटाची नाडी सोडायला गेले तर हात चालेनात. धावायला आलेली दोन मुलं वरून उतरली. एकाने ओढणी मागून घेतली, काठी पायाला लावून बांधली. मग दोघांनी हातांची चौकट करून ह्यांना उचललं, दर पन्नास पावलांवर टेकवत टेकवत. वीस मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात हे एकच वाक्य बोलले. "मी म्हटलं होतं, रस्त्याने जाऊ." रागाने नाही. नंतरही कधी ते पुन्हा काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

घोटा तीन ठिकाणी मोडला होता. पट्टी, सात स्क्रू, साखरेमुळे जखम भरायला वेळ. आता हे काठी घेऊन सोसायटीच्या आवारात फिरतात. उतार दिसला की थांबतात.

मी अकरा आठवडे गेले नाही. मग एका सकाळी भाजी आणते म्हणून निघाले आणि वर गेले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, मी ह्यांच्याशी खोटं बोलले ते तेव्हाच. परत आले तर हातात भाजी नव्हती आणि बुटांना लाल चिखल होता. हे वॉकर धरून दारापर्यंत आले, बुटांकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसून कालचा पेपर मागितला, त्याचे बोळे केले आणि एकेक करून बुटांत भरले, वाळायला. बोललो नाही आम्ही त्यावर. आजही पावसाळ्यात माझ्या बुटांत बोळे हेच भरतात. त्याचा अर्थ "जा" असा आहे की "मला दिसतंय" असा, हे मी विचारलेलं नाही.

मी जायला नको होतं का? त्यांना न्यायला नको होतं, एवढं मान्य. पण मग मनातली जुनी मी म्हणते, ते खाणीपाशी पाच मिनिटं उभे राहिले होते, ते खोटं होतं का? खोटं नव्हतं. मग दुसरी म्हणते, पाच मिनिटांसाठी एक घोटा? ह्या दोघी दोन वर्षं भांडताहेत आणि मी त्यांच्या मधून रोज दीड तास चालून येते. ते साखरेचं वाक्य मात्र आता माझ्या तोंडून निघत नाही.

जाऊबाई, तुम्ही विचारलंत, उत्तर हेच. जाते. आजही गेले होते, झड लागलेली होती, खाणीच्या कडेला मोर भिजत बसला होता. आणि एक गोष्ट ह्यांना अजून सांगितलेली नाही. उतरताना मी डांबरी रस्त्याने येत नाही. त्याच वाटेने येते, कातळाच्या कडेच्या गवतातून. लिहून झालं की कागद ह्यांच्याकडे देणार आहे, ऱ्हस्व-दीर्घ तेच तपासतात.